झोंबतं म्हणून लागू पडतं?

मृगाचा पाऊस सुरू झाला की महाड आणि पोलादपूर तालुक्यांत गुरांच्या जखमांचाही हंगाम सुरू होतो. चिखळणीला जुंपलेल्या बैलाचा खांदा जुवाखाली सोलवटतो. दिवसभर ओल्यात राहिलेल्या खुरांच्या बेचक्यात चिखल बसून कातडं फाटतं. रानात गेलेली शेळी करवंदीच्या जाळीत नाहीतर कुणाच्या काटेरी तारेत अडकते. संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली झाकायला जावं, तर एखादीची पाठ मुंगसाने फाडलेली असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात गोठा कोरडा ठेवणं हेच एक काम, तिथे जखम कोरडी ठेवणं आणखी अवघड. अशा वेळी काय लावायचं हे घरोघरी ठरलेलं असतं: फिनाईल, रॉकेल, जळकं ऑईल, चुना, हळद, मेडिकलमधलं जांभळं औषध, नाहीतर जखमेत फसफसणारं हायड्रोजन पेरॉक्साइड. यादी लांबलचक आहे, पण तिच्यामागची समजूत एकच. औषध झोंबलं पाहिजे. जनावराने पाय झाडला, जखमेतून फेस आला, म्हणजे जंतू मेले आणि आपलं काम झालं. ही समजूत उलटी आहे असं माझं म्हणणं आहे. जखमेला सगळ्यात जास्त गरज असते ती भरपूर स्वच्छ पाण्याची. जंतुनाशकाचा नंबर त्यानंतर लागतो, आणि तेही जितकं सौम्य करता येईल तितकं करून. या भागातल्या पावसाळ्यात तर जंतूंच्याही आधी जिची काळजी करावी ती माशी आहे, आणि जंतुनाशकाची बाटली निवडताना तिचा विचार क्वचितच होतो.

हा वाद जुना आहे आणि त्याचा निकाल बराचसा लागलेला आहे. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल वापरून जखमा सडण्यापासून वाचवता येतात हे दाखवलं, आणि पुढची पन्नास वर्षं डॉक्टरांचा भर तीव्र औषधांवर राहिला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोन इथल्या लष्करी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक साधा प्रयोग केला. पेनिसिलिन अजून बरंच लांब होतं. त्यांनी काचेची परीक्षानळी तापवून तिच्या भिंतीतून बारीक पोकळ काटे ओढून काढले. तोफगोळ्याने फाटलेल्या मांसात कोनेकोपरे असतात, तशी ती काचेची जखम. तिच्यात जंतू वाढवले, मग ती तीव्र जंतुनाशकाने भरून ठेवली, रिकामी केली आणि पुन्हा जंतुविरहित द्रव भरला. काट्यांच्या टोकांत दडलेले जंतू पुन्हा वाढले. शिवाय जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी या औषधांनी जंतूंच्या आधी मरतात, हेही त्यांना दिसलं. १९८५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात जखम भरून आणणाऱ्या पेशींवर नेहमीची औषधं तपासली गेली. एक टक्का पोव्हिडोन आयोडीन आणि तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड या दोन्हींनी त्या पेशी मारल्या. तेच आयोडीन हजारपट पातळ केलं तेव्हा पेशी जगल्या आणि जंतू मात्र मेले. पेरॉक्साइडला हे जमलं नाही. पेशींना सोसेल इतकं ते पातळ केलं की जंतूंनाही ते सोसू लागतं. २०१५ मध्ये भारतासह पाच देशांत, हाडं मोडून कातडी फाटलेल्या सुमारे अडीच हजार माणसांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. जखम साबणाच्या द्रावणाने धुतलेल्यांत १४.८ टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, नुसत्या मिठाच्या पाण्याने धुतलेल्यांत ११.६ टक्क्यांना. पाण्याचा जोर कमी की जास्त, याने फरक पडला नाही.

हे सगळं माणसांवरचं किंवा काचेतलं, बैलाला ते कसं लागू, असं कुणी विचारेल. विचारावंच. पण जखम भरण्याची रीत दोघांची एकच आहे. आधी पांढऱ्या पेशी येऊन घाण खातात, मग नवं लालसर मांस खालून वर येतं, मग कडेची कातडी त्यावर सरकते. पहिल्या दोन पायऱ्यांवर तीव्र औषध ओतलं तर आपल्याच मजुरांना मारून बांधकाम लवकर उरकण्याची अपेक्षा केल्यासारखं होतं. फरक असलाच तर तो जनावराच्या विरुद्ध जातो. त्याची जखम शेण, मूत आणि मातीने भरलेली असते, आणि आयोडीनसारखी औषधं असल्या घाणीत खर्ची पडतात. न धुतलेल्या जखमेवर ओतलेलं महागडं द्रावण चिखलातले जंतू मारत बसतं, मांसापर्यंत त्यातलं फार थोडं पोहोचतं.

एकेक बाटली घेऊ. फिनाईल हे जमिनीसाठी बनवलेलं आहे. काळ्या फिनाईलमध्ये कोळशाच्या डांबरातून निघणारी फिनॉलसारखी द्रव्यं असतात, ती मांस भाजतात आणि कातडीतून अंगातही जातात. रॉकेल आणि जळकं ऑईल यांत जंतू मारण्याची म्हणावी तशी ताकद नाही, आणि ऑईलमध्ये तर इंजिनातली धातूंची घाण असते. चुना भाजतो, एवढंच त्याच्याबद्दल सांगता येतं. पेरॉक्साइडचा फेस पाहून बरं वाटतं, पण तो फेस जंतू मेल्याची खूण नाही. रक्तामांसातल्या एका विकरामुळे पेरॉक्साइडचा प्राणवायू सुटतो, आणि निरोगी मांसावर ओतलं तरी तसाच फेस येतो. खोल, अरुंद जखमेत तो वायू अडकून रक्तात शिरण्याचा धोका वेगळाच. विहिरीत टाकायचं लाल औषध म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं पोटॅशियम परमँगनेट अजूनही कामाचं आहे, विशेषतः लाळ्या-खुरकुतात तोंड आणि खुरं धुवायला. मात्र एक ग्रॅमला लिटरभर पाणी ही त्याची वरची मर्यादा, आणि रंग फिका गुलाबी असेल तर आणखी चांगलं. खडा पूर्ण विरघळला नाही तर तो जिथे चिकटेल तिथे भाजतो, आणि द्रावण तपकिरी पडलं की त्यातला दम गेला.

राहिली दोन, आणि माझ्या मते गोठ्यात ठेवायची तीच. पोव्हिडोन आयोडीनची दहा टक्क्यांची बाटली सगळीकडे मिळते, पण ती जखमेत तशीच ओतायची नसते. या औषधात आयोडीन एका मोठ्या रेणूला बांधलेलं असतं. पाणी मिसळलं की ते मोकळं होऊन कामाला लागतं. म्हणून दाट द्रावणापेक्षा पातळ द्रावण जंतूंवर लवकर चालतं, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात दहा ते वीस मिलिलिटर पुरेसं होतं, रंग फिक्या चहासारखा दिसतो. पन्नास मिलिलिटरच्या बाटलीत असं अडीच ते पाच लिटर पाणी तयार होतं. क्लोरहेक्सिडीनही चांगलं आहे, आणि आयोडीनपेक्षा जास्त वेळ टिकतं. पण दुकानात ते बहुधा सेट्रिमाइड या फेसाळ द्रव्याबरोबर मिळतं, ते कानात आणि डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. साबणाने ते निकामी होतं, म्हणून आधी साबण लावला असेल तर तो पूर्ण धुऊन काढावा लागतो.

पहिला खरा आक्षेप इथेच येतो. भरपूर स्वच्छ पाणी जुलैत आणायचं कुठून? सावित्री नदीला पूर आला की घरातली पिण्याच्या पाण्याचीच पंचाईत होते. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळियेची वाडी दरडीखाली गाडली गेली. तेव्हा जी जनावरं वाचली त्यांच्या जखमा ज्या पाण्यात भिजल्या, त्यात सगळ्या गावाची घाण होती. आक्षेप बरोबर आहे, पण तो धुण्याच्या विरुद्ध जात नाही, फक्त धुण्याचं पाणी आधी तयार करायला सांगतो. पिण्यालायक पाण्याने धुतलेल्या जखमा मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुतलेल्यांपेक्षा जास्त चिघळत नाहीत, हे माणसांवरच्या अनेक चाचण्या एकत्र पाहून दिसलेलं आहे. म्हणजे घरात जे पाणी पोराला प्यायला देतो तेच उकळून, लिटरला नऊ ग्रॅम, जेमतेम दोन सपाट चमचे मीठ घालून गार करायचं. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापल्या सुईने भोकं पाडली की दाबून बारीक धार मिळते. शेळीच्या तळहाताएवढ्या जखमेला लिटर-दीड लिटर लागतं. आधी कडेचे केस कापायचे, केस जखमेत पडू नयेत म्हणून तिथे ओला कपडा धरायचा, आणि धारेचं पाणी निघताना गढूळ दिसायचं थांबेपर्यंत धुवायचं. ओढ्याचं गढूळ पाणी आणि पातेल्यातलं गार पाणी यांत निवड करायची तर चुलीवरचं पंधरा मिनिटांचं जाळण जास्त गेलेलं परवडतं.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. आजोबा फिनाईलच टाकायचे आणि बैल बरे व्हायचे. व्हायचेच. बैलाच्या कातडीखालचं मांस इतकं चिवट असतं की बऱ्याच जखमा आपण काहीही लावलं तरी भरतात, आणि भरलेल्या जखमेचं श्रेय शेवटच्या बाटलीला मिळतं. जो बैल पुढच्या नांगरणीला उभा राहिला त्याची आठवण घरात राहते, जो विकला गेला त्याची राहत नाही. खांद्याच्या जखमेत तर औषधाचा संबंध आणखी कमी. जू काढलं नाही, तर आयोडीन काय नि करंजेल काय, रोज सकाळी नवं मांस पुन्हा घासलं जाणार. लावणीच्या घाईत बैलाला विश्रांती देणं म्हणजे शेजाऱ्याचा पॉवर टिलर भाड्याने आणणं, हा खर्च मला कळतो. पण बाटल्यांवर केलेला खर्च तिथे वाया जातो, हेही मान्य करायला हवं.

या आक्षेपाचाच दुसरा भाग झाडपाल्याचा. इथे सगळं जुनं टाकाऊ असं म्हणणं चूक होईल. २०२२ मध्ये लम्पीची साथ महाराष्ट्रभर पसरली तेव्हा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा एक पाठ गावोगाव फिरला. खोकलीचा पाला, लसूण, कडुनिंब, मेंदी, तुळस आणि हळद वाटून अर्धा लिटर खोबरेल किंवा तिळेलात उकळायची, आणि जखम धुऊन ते तेल लावायचं. यात उकळणं महत्त्वाचं आहे. डब्यातली कोरडी हळद थेट जखमेत भरली तर तिच्याबरोबर मातीतले जंतूही जातात, आणि ती पाण्यात भिजून घट्ट थर बनला की खाली पू कोंडतो. मधाचंही असंच. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर, देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’, तेव्हा मध दुर्मीळ नाही. त्यातली साखर जखमेतलं पाणी ओढून घेते आणि जंतूंना जगू देत नाही. रुग्णालयात वापरायचा मध किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेला असतो, पोळ्यातला तसा नसतो. उथळ, धुतलेल्या जखमेला तो चालेल. खोल भोकात तो भरू नये, कारण धनुर्वाताच्या घराण्यातल्या जंतूंची बीजं अशाच हवा नसलेल्या जागी रुजतात.

आता माशी. इथे मात्र सौम्य औषधाच्या बाजूचा माझा युक्तिवाद अपुरा पडतो आणि तीव्र औषधवाल्यांचं थोडं ऐकावं लागतं. जखमेत आसडी पाडणाऱ्या माश्यांतली सगळ्यात वाईट जात ताज्या जखमेच्या कडेला एका वेळी शे-दोनशे अंडी घालते. ती बारा ते चोवीस तासांत फुटतात. आज दुपारी कापलेल्या कानाला उद्या दुपारी अळ्या असू शकतात, आणि त्या आठवडाभर जिवंत मांस खात आत आत जातात. आयोडीन त्यांना मारत नाही. जुन्या लोकांनी टर्पेंटाईन निवडलं ते उगाच नाही. ही अळी डोकं मांसात खुपसून उलटी राहते, तिची श्वासाची छिद्रं शेपटाच्या टोकाला असतात, आणि जखमेत नीट पाहिलं तर ती टोकं काळसर ठिपक्यांसारखी वरखाली होताना दिसतात. टर्पेंटाईनमध्ये किंवा कापूर विरघळवलेल्या खोबरेलात बुडवलेला बोळा काही मिनिटं दाबून धरला की ती छिद्रं बंद होतात, अळी गुदमरून वर येते आणि चिमट्याने काढता येते. सीताफळीच्या पाल्याचा लगदाही याच कामाचा. मात्र दुग्धविकास मंडळाच्या त्याच पाठात सीताफळीचा पाला किंवा कापराचं तेल फक्त पहिल्या दिवशी लावायला सांगितलं आहे, आणि ती अट फार शहाणपणाची आहे. अळ्या निघाल्या की ते धुऊन टाकायचं आणि पुन्हा सौम्य औषधावर यायचं. फिनाईल रोज ओतलं जातं तिथे अळ्या मरतात आणि जखमही मरते. त्याहून बरं म्हणजे अळ्या पडूच न देणं. कोकणात करंज मुबलक आहे. करंजेल जखमेत न घालता तिच्या भोवतीच्या केसांवर चोळलं की माशी टेकत नाही. पावसात ते धुऊन जातं, म्हणून सकाळ-संध्याकाळ लावावं लागतं. खोल गेलेल्या अळ्यांना डॉक्टर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात. ते दुधात उतरतं, म्हणून गाय दुभती आहे हे आधी सांगायला हवं.

कोंबडीचं सगळंच निराळं. तिची कातडी कागदासारखी पातळ असते आणि खाली छातीपासून पोटापर्यंत हवेच्या पिशव्या पसरलेल्या असतात. पंखाचं वरचं हाडही पोकळ असून त्या पिशव्यांना जोडलेलं असतं. कुत्र्या-मांजराच्या दाताने पडलेल्या भोकात बाटलीची धार सोडली तर पाणी थेट श्वासाच्या वाटेत जाऊन कोंबडी बुडू शकते. म्हणून तिची जखम ओल्या कापसाने टिपून काढायची. तेल आणि मलम तिला नको. पिसं चिकटली की ती अंगाची ऊब धरत नाहीत आणि पावसाळ्यात दीड किलोचा जीव गारठ्यानेच जातो. दुखणं थांबवायला सुन्न करणारी मलमंही नकोत, पक्ष्यांना ती फार थोडीही बाधतात. तिचा पू वाहत नाही, घट्ट गोळा होऊन बसतो, त्यामुळे तळव्याला गाठ आली तर वरून कितीही औषध लावलं तरी ती फुटत नाही, डॉक्टरांनी कापूनच काढावी लागते. आणि इतर कोंबड्या लाल रक्त दिसलं की टोचून टोचून जखम वाढवतात. जांभळं औषध लोकप्रिय झालं ते बरंचसं यासाठी, कारण त्याने लाल रंग झाकला जातो. पण जखमी कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवली तर रंगाची गरजच राहत नाही, आणि तो रंग टाळण्याला चांगलं कारण आहे. या जांभळ्या औषधाचा, म्हणजे जेन्शियन व्हायोलेटचा, अन्नातला कुठलाही अंश सुरक्षित मानता येत नाही असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-औषध तज्ज्ञांचं मत पडलं, आणि २०१९ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने कर्करोगाच्या शक्यतेवरून त्याबद्दल सावध केलं. अंडी घरातली मुलं खाणार असतील तर एवढं पुरे. हीच गोष्ट गायीच्या सडांची. जे सडाला लावू ते वासराच्या तोंडात आणि चरवीत जाणार, म्हणून धार काढण्याआधी सड धुवायचे.

डॉक्टर वेळेवर मिळत नाहीत म्हणूनच घरचे उपाय करतो, हा शेवटचा आक्षेप, आणि वाड्यावस्त्यांवरून पाहिलं तर तो खोटा नाही. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय नकाशावर फार लांब नाही, पण वरंधा घाट पावसात अनेकदा बंद असतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या गवळी-धनगरांच्या वाड्यांवरून जनावर खाली आणण्यातच दिवस जातो. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना बोलावता येतो, तोही रस्ता आहे तिथपर्यंतच. म्हणूनच घरी काय करायचं आणि काय नाही हे आधी माहीत असावं. शेळीच्या ओठांवरच्या खपल्या बहुधा मावा असतो, कोंबडीच्या तुऱ्यावरचे फोड देवी, आणि एकाच वेळी तोंड आणि खुरं दोन्ही बिघडली तर लाळ्या-खुरकूत. या रोगांत जखम धुऊन आराम पडतो, रोग जात नाही, आणि मावा तर हाताळणाऱ्याच्या बोटांवरही येतो. पोटात किंवा छातीत शिरलेली, सांध्यात गेलेली, हाड दिसणारी जखम पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने झाकून तशीच डॉक्टरांसाठी ठेवायची. बिबट्याने धरलेल्या जनावराची भरपाई मिळायची तर वन खात्याचा पंचनामा हवा, त्यासाठी जखमांचे फोटो औषध लावण्याआधी काढून ठेवावेत. कुत्रा किंवा कोल्हा चावला असेल तर नियम उलटा होतो. तिथे साबण हवाच, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली, कारण रेबीजच्या विषाणूचं आवरण साबणाने फुटतं, आणि नंतर आयोडीन. मिरची, चुना, हळद काहीही नाही, टाकेही नाहीत. धुणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. जनावराची लस लगेच सुरू व्हायला हवी, आणि लाळ आपल्या ओरखड्याला लागली असेल तर आपलीही, सरकारी दवाखान्यात, त्याच दिवशी.